उलट्या बाजूचे रक्त

१

काव्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी जवळजवळ उरल्याच नव्हत्या. आणि त्याच दिवशी सकाळी घरून आलेल्या चित्रफितीत मात्र त्याच पेशी तिच्या बोटाच्या कातडीखालून दाटीने वाहताना दिसत होत्या. डॉक्टर अतीक मुजावर यांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांचा आवाज इतका उतरला होता, की एरवी समोरच्याला मोठ्याने बोलायला लावणाऱ्या चंद्रव्वा या वेळी स्वतःच पुढे वाकल्या.

"म्हणजे यंत्र बिघडलं म्हणा की."

"बिघडलं असतं तर बरं झालं असतं, आजी. मघाशी इथल्या विभागातलं दुसरं यंत्र तिच्या बोटाला लावलं, आणि सुईनंही रक्त काढून पाहिलं. दोन्हींचं उत्तर एकच. पेशी नाहीत. घरच्या यंत्राचीही तपासणी केली. तेही ठणठणीत आहे. सकाळची चित्रफीत तिच्या आजच्या रक्ताची नाही, एवढंच त्यातून निघतं."

"मग कुणाच्या रक्ताची?"

डॉक्टरांनी काचेकडे पाहिले.

काचेपलीकडे काव्या पडली होती. चंद्रव्वांच्या दिवंगत थोरल्या मुलाची ही एकुलती एक लेक, वय चोवीस. पावसाळ्यात तिला रक्ताचा कर्करोग निघाला आणि औषधे सुरू झाली. ही औषधे वाईट पेशींबरोबर चांगल्याही मारतात. शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशी खाली गेल्या, तर पुढचा डोस थांबवावा लागतो. सुया टोचून टोचून पोरीच्या शिरा सापडेनाशा झाल्या, तेव्हा अतीकांनी आपल्या संशोधनातले यंत्र घरी आणून बसवले. त्याला सुई नको, की रंग नको. नखाच्या मुळाशी कातडी सर्वांत पातळ असते, तिथे तेलाचा थेंब सोडायचा आणि बोट यंत्राखाली धरायचे. आतून प्रकाश जाई आणि पडद्यावर केसांच्या आकड्यांसारख्या वाकलेल्या बारीक नळ्या उमटत. त्यांतून तांबड्या पेशींची काळसर रांग धावे. मधेच त्या रांगेत एक स्वच्छ पोकळी सरकत जाई. ती पोकळी म्हणजे पांढरी पेशी. दवाखान्यातला संगणक पोकळ्या मोजी, त्यावरून पेशींचा अंदाज बांधी आणि आकडा परत घरी धाडी.

"आजी, तिचा ताप कशाचा, हे रक्तातल्या जंतूंची परीक्षा येईपर्यंत कळणार नाही, आणि तेवढी वाट पाहायला सवड नाही," अतीक म्हणाले. "पेशी या आठवड्यातच गेल्या असतील, तर जे औषध चालू आहे तेच पुरेल. पण ती त्याआधीपासून अशी उघडी पडली असेल, तर आत बुरशी शिरलेली असण्याची भीती आहे. बुरशीवरचं औषध जहाल आहे. तिची मूत्रपिंडं आधीच थकलीत. गरज नसताना दिलं तर मूत्रपिंडं जातील; गरज असताना नाही दिलं तर ती जाईल. हे खोटं कधीपासून चाललंय, तेवढं मला संध्याकाळच्या आत कळलं पाहिजे."

"तिला विचारलं?"

"शुद्धीत असताना विचारलं. तिनं तोंड फिरवलं."

चंद्रव्वांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला चादरींचा कारखाना त्यांनी नवऱ्याच्या मागे एकहाती चालवला होता. यंत्रमागाच्या नुसत्या आवाजावरून कुठला धागा तुटला हे त्या सांगत. आज मात्र त्यांना काहीच ऐकू येत नव्हते. यंत्र त्यांच्या घरात होते. घरात परका माणूस पाऊल टाकत नसे. म्हणजे पोरीच्या जिवावर उठलेला हात त्यांच्याच पंगतीला बसून जेवत होता.

२

माहेनूर रोज सकाळी घरी येऊन यंत्र चालवणारी परिचारिका. तिला चंद्रव्वांनी मार्गिकेतल्या बाकासमोर उभे केले. बसायला सांगितले नाही.

"बोट कुणाचं धरलंस यंत्राखाली?"

"काव्याचंच, अम्मा. अल्लाकसम. रोज तिचंच."

"पडद्यावर पेशी दिसत नव्हत्या, हे तुला कळलं नाही?"

"मला मोजायला कुठं शिकवलंय? चित्र साफ आलं की नाही, तेवढंच बघायचं. मोजायचं काम इथल्या संगणकाचं."

"आणि पाठवायचं?"

माहेनूर घुटमळली. "पाठवायचं पण माझंच होतं. पण तुमच्या घरचं वायफाय सकाळी धड चालत नाही, अम्मा. मला पुढं नवी पेठेत एका आजोबांची मलमपट्टी असते. चित्रफीत ज्यात उतरते तो टॅबलेट देवघराशेजारच्या कपाटावर ठेवून जायची. नेट आलं की कुणीतरी बटण दाबायचं."

"कुणीतरी म्हणजे?"

"घरातलं कुणीपण. सगळेच की हो येता-जाता."

"छान. पोरीचा जीव कपाटावर ठेवून तू मलमपट्टीला गेलीस."

माहेनूरचे डोळे भरले, पण तिने हनुवटी वर केली. "मला बोला, मी ऐकून घेते. पण संशय घेऊ नका. बदलायचंच असतं तर मी माझं बोट लावलं असतं ना? हे बघा." तिने दोन्ही हात पुढे केले. बहिणीच्या लग्नाची मेंदी नखांपर्यंत गडद चढलेली होती. "या बोटातून उजेड नीट जायचा नाही. चित्र काळं आलं असतं."

चंद्रव्वांनी ते हात नीट निरखले. मुलगी खरे बोलत होती.

"मग कुणाचं बोट असेल?"

"ज्याच्या रक्तात पेशी भरपूर आहेत, त्याचं," माहेनूर हळूच म्हणाली. "म्हणजे काव्या सोडून तुमच्या घरातल्या कुणाचंही, अम्मा."

३

सून काशम्मा डबा घेऊन आली. ती काव्याची आई. नवरा गेल्यापासून सासूसमोर ती भिंतीला टेकूनच बोलत असे. आजही तशीच उभी राहिली.

"अव्वा, चार घास खाऊन घ्या. तुमचं साखरेचं इंजेक्शनपण राहिलंय."

"डबा ठेव तिकडं. आज माझं जेवण नाही, हे तुला ठाऊक आहे."

ते साऱ्या घराला ठाऊक होते. काव्याचे औषध सुरू झाले त्या आठवड्यात चंद्रव्वा सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन नवस बोलल्या होत्या: ज्या दिवशी पोरीच्या पेशींचा आकडा खाली असेल, त्या दिवशी अन्नाचा कण तोंडात घालणार नाही. देवापुढे उच्चारलेला शब्द त्यांनी जन्मात कधी मागे घेतला नव्हता. त्यामुळे रोज सकाळी आकडा आल्यावाचून त्यांचे ताट वाढले जात नसे.

"आकडा मला रोज कोण सांगतं, काशम्मा?"

"मीच की."

"खोटा सांगितलास कधी?"

"टॅबलेटवर येतो तोच सांगते. कमी आला तरी सांगितलाय. भोगीच्या दिवशी नव्हता का सांगितला? लागोपाठ उपास घडले होते तुम्हाला. तीळ लावलेली भाकरी तशीच राहिली आणि तुम्ही मोरीपाशी चक्कर येऊन पडला. काव्यानंच आधी बघितलं तुम्हाला. किंचाळली की ती." काशम्माने ओठ आवळले. "दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला आकडा वर आला, तेव्हा कुठं तुम्ही जेवला."

"त्यानंतर एकदाही खाली आला नाही."

"नाही. देवाची कृपा म्हटलं आम्ही."

चंद्रव्वा उठल्या. त्यांच्या मनात एक थंड, ओंगळ विचार शिरला होता. काशम्मा आई होती, पण भित्री होती. आणि भित्र्या माणसाचा हात कुठे जाईल, याचा भरवसा चंद्रव्वांनी कधी धरला नव्हता. "मला वाईट आकडा सांगायला नको, म्हणून तूच दुसऱ्याचं बोट लावलंस काय गं?"

"मला मोबाइलवर साधा फोटो पाठवता येत नाही, अव्वा! चौकात जाऊन वाण्याच्या पोराकडून पाठवते मी!"

"खरं-खोटं कळेपर्यंत या घरातलं कुणी त्या काचेपाशी उभं राहणार नाही. तू पण नाही. चल, हो बाजूला."

काशम्मा हलली नाही. ती भिंत सोडून काचेजवळ गेली आणि आपले दोन्ही तळवे काचेवर टेकवून उभी राहिली.

"लेक माझी आहे," ती पाठमोरीच म्हणाली. "मी हितून हलणार नाही. काय करायचं ते करा."

इतक्या वर्षांत घरात चंद्रव्वांचा शब्द असा जमिनीवर पडला नव्हता. त्यांना राग यायला हवा होता. आली ती धडकी. आपण ज्याला घर समजत होतो, त्या घरातल्या माणसांच्या पोटात काय काय आहे, हे आपल्याला मुळीच माहीत नाही, असे त्यांना त्या क्षणी वाटले.

४

दवाखान्याच्या बाईने काव्याच्या अंगावरच्या वस्तू एका पिशवीत घालून आणून दिल्या. निर्जंतुक खोलीत बाहेरचे काही चालत नव्हते. पिशवीत केसांची पिन होती, रुमाल होता, आणि ती चादर होती.

काव्या कारखान्यात नक्षीकाम करी. आजारात हात रिकामे राहिले, तेव्हा तिने एक उद्योग केला. अतीकांनी पहिल्या दिवशी तिच्या बोटातल्या नळ्यांचे चित्र हौसेने छापून दिले होते. त्यावरून तिने चादरीचा काठ काढला. "आज्जी, माझं रक्त विणून देशील का गं?" असे ती हसत म्हणाली होती. चंद्रव्वांच्या अंगावर काटा आला होता, तरी त्यांनी एकच नग विणवून दिला. काठाला डावीकडून सुरुवात होई ती एका उंच, शेंड्याला पीळ पडलेल्या नळीच्या आकड्याने. त्याला लागून कानगोष्टी करणाऱ्या बायकांसारखे एकमेकींकडे झुकलेले दोन बुटके आकडे. मग बाकीची रांग.

चादर मांडीवर घेऊन त्या अतीकांच्या खोलीत बसल्या. "मला त्या फिती दाखवा," त्यांनी सांगितले.

"शेवटच्या चारच शिल्लक आहेत, आजी. आकाराने फार मोठ्या असतात, म्हणून जुन्या आपोआप पुसल्या जातात. प्रत्येकीची ओळखखूण आणि आकडा, एवढंच उरतं. त्या आकड्यांवरून काहीच ठरत नाही. संक्रांतीला एकदम वाढ दिसली, पण आदल्याच दिवशी तिला पेशी वाढवणारं इंजेक्शन दिलं होतं. ती वाढ खरीही असू शकते."

"त्यानंतर रक्त काढून बघितलं नाही?"

अतीकांनी नकारार्थी मान हलवली. "शिरा मिळत नव्हत्या. आणि माझा माझ्या यंत्रावर विश्वास होता. मागच्या मंगळवारचा डोस मी त्याच आकड्यांवर दिला."

चंद्रव्वांनी पडद्याकडे बोट केले. तो हिशेब नंतर होणार होता.

पडद्यावर आज सकाळची चित्रफीत सुरू झाली. काळसर रांगा नळ्यांतून धावू लागल्या. पोकळ्यांमागून पोकळ्या सरकत गेल्या. निरोगी, भरलेले रक्त. कुणाचे? काशम्माचे? चंद्रव्वांचे डोळे एकेका नळीवरून फिरले आणि उजव्या टोकाशी थांबले. तिथे एक उंच आकडा होता, शेंड्याला पीळ पडलेला. त्याच्या डाव्या अंगाला दोन बुटके आकडे एकमेकांकडे झुकलेले.

सोलापूरची चादर दोन्ही अंगांनी वापरता येते. नक्षी तीच, रंग अदलाबदल होतात आणि डाव्याचे उजवे होते. चंद्रव्वांनी मांडीवरची चादर सावकाश उलटली आणि काठ पडद्याला लावून धरला.

आकड्याला आकडा जुळला.

"हे बोट दुसऱ्या कुणाचं नाही," त्या म्हणाल्या. "हे काव्याचंच रक्त आहे, डॉक्टर. पण आजचं नाही. पेशी चांगल्या होत्या तेव्हाचं जुनं रक्त तुम्हाला उलट्या बाजूनं दाखवलंय कुणीतरी."

५

अतीकांनी चारही फिती तपासल्या. चारही उलटवलेल्या होत्या.

"सरळ जुनी फीत पाठवली असती, तर संगणकानं त्या खुणेवरून ओळखून परत केली असती. उलटवली म्हणून ती नवी वाटली," ते म्हणाले. "आणि मी आकडे तेवढे पाहत बसलो. चित्र बघायचं कधीच सोडून दिलं होतं." ते मधेच थांबले. "आणखी एक विचित्र गोष्ट आहे. यंत्राच्या चित्राची रुंदी ठरलेली असते. या चारही फितींत एका कडेची एकच उभी रेघ कमी आहे. टॅबलेटचा दोष असेल."

"काय म्हणालात?"

"एक रेघ. ठिपक्यांची एक ओळ. कुणी कापावी असं त्यात काहीच नाही."

चंद्रव्वांची नजर चादरीच्या मधोमध गेली.

चादरीची नक्षी संगणकावर अर्धीच काढतात. मग ती आरशातल्यासारखी उलटवून शेजारी जोडली, की पूर्ण नक्षी होते. पण उलटवण्याआधी कडेची एक रेघ काढून टाकावी लागते. नाही तर जोडावर तोच धागा दोनदा येतो आणि चादरीच्या मधोमध वळ उठतो. ही रेघ काढायला विसरणाऱ्याच्या बोटांवर चंद्रव्वा फूटपट्टी मारीत. त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस काहीही उलटवायच्या आधी, विचार न करता, ती रेघ काढी.

या फितींत दोन अर्धी जोडायची नव्हती. रेघ काढण्याचे काही कारण नव्हते. ती कारणाने निघाली नव्हती. सवयीने निघाली होती.

माहेनूर सुटली. काशम्मा सुटली. समोरचा डॉक्टरही सुटला. नक्षीच्या टेबलावर चंद्रव्वांकडून शिकलेली दोनच माणसे आता घरात उरली होती. एक त्यांचा धाकटा मुलगा, शिवू. दुसरी...

दुसरे नाव मनात येताच त्यांनी ते मागे लोटले. बाहेर मार्गिकेत शिवूचा आवाज आला. तो अकलूजहून येऊन पोहोचला होता.

६

"मी?" शिवू आधी हसला, मग आईचे तोंड पाहून त्याचे हसू विरले. "अव्वा, संक्रांतीपासून मी सासरवाडीला. मेव्हण्याच्या लग्नाची धावपळ चाललीय तिकडं. टॅबलेट सोलापुरात, घरच्या वायफायवर. माझा हात एवढा लांब असता, तर तुमच्या कपाटातले पेढे नसते का संपवले?"

"थट्टा नको. नक्षीचा संगणक कारखान्यात असतो. पण नक्षीचा एक छोटा लॅपटॉप घरी आहे, असं काशम्मानं आत्ता सांगितलं. तो घरी कसा आला?"

"काव्यानं मागितला. पडून पडून कंटाळले म्हणाली, नवी नक्षी करते म्हणाली. मीच आणून दिला."

"कधी?"

शिवूने कपाळ चोळले. "भोगीलाच की. तुम्हाला सलाइन लावून घरी आणलं, त्याच दिवशी दुपारी. लई रडली होती पोरगी. मी म्हटलं, करमणूक होईल."

चंद्रव्वा बाकावर बसल्या; अतीकही मागोमाग बाहेर आले होते. काचेपलीकडचे यंत्र एका लयीत टिकटिकत होते. सकाळपासून त्यांनी एका खुन्याचा माग काढला होता. तो माग वळून त्यांच्याच उंबऱ्यापाशी, त्यांच्याच रिकाम्या ताटापाशी येऊन थांबला होता.

"डॉक्टर," त्या शेवटी म्हणाल्या, "आकडा तुमच्या संगणकातून निघतो आणि दोन ठिकाणी जातो. एक तुमच्याकडं, औषध द्यायचं की नाही ते ठरवायला. दुसरा माझ्या घरी, मी जेवायचं की नाही ते ठरवायला. तुम्हाला फसवून कुणाचा काय फायदा, हेच मी सकाळपासून शोधत बसले. तुम्हाला फसवायचं नव्हतंच कुणाला. मला फसवायचं होतं. वाटेत तुम्ही आलात."

"म्हणजे काव्यानं स्वतः?"

"मी मोरीपाशी पडलेली तिनं बघितली. आणखी एक उपास घडला तर म्हातारी जाते, असं तिला वाटलं. मला नवस सोडा म्हणायची छाती या घरात कुणाला नाही. ती तिलाही झाली नाही. तिनं त्याच दुपारी लॅपटॉप मागवला, टॅबलेटमधल्या जुन्या चांगल्या फिती त्यावर उलटवल्या आणि दुसऱ्या दिवसापासून मी जेवायला लागले." त्यांनी श्वास घेतला. "संक्रांतीपासूनचा प्रत्येक आकडा खोटा आहे. तुमची वाढ इंजेक्शनाची नव्हे."

अतीक बोटांवर दिवस मोजू लागले. संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्राही आता उठायला आली होती. संक्रांत कधीच मागे पडली होती. "म्हणजे फार दिवस झाले. मधे मी डोसही दिला. पण आजी, हा तुमचा तर्क आहे. ते औषध चुकलं तर तिची मूत्रपिंडं जातील. तिनं स्वतः हो म्हटलं पाहिजे."

काचेच्या भिंतीत बोलायला जाळी बसवलेली होती. चंद्रव्वा तिच्यापाशी गेल्या. काशम्मा अजून तिथेच उभी होती. ती सरकली नाही, आणि चंद्रव्वांनी सरकायला सांगितलेही नाही.

"काव्या. फिती तू उलटवल्यास ना? खरं सांग." आवाज त्यांच्या नेहमीच्या हुकमाचा होता.

काव्याने डोळे उघडले, आजीकडे पाहिले आणि पुन्हा मिटून घेतले. तिची मान नकारार्थी हलली.

"अव्वा," काशम्मा दबक्या आवाजात म्हणाली, "अशानं ती सांगायची नाही. खरं सांगितलं की तुम्ही उपाशी मरणार, एवढंच तिच्या डोक्यात बसलंय."

देवाला दिलेला शब्द मोडायचा, तोही पोर मरणाच्या दारात असताना. देव तिच्यावर कोपला तर? तरी चंद्रव्वांनी जाळीला तोंड लावले.

"ऐक पोरी. नवस मोडला मी. आत्ता, तुझ्यासमोर. त्याचं काय व्हायचं ते माझं होईल. आकडा कितीही येवो, मी जेवणार आहे. तुझी आई डबा उघडतीय, बघ."

काशम्माने डबा उघडला. चंद्रव्वांनी उभ्याउभ्याच भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि तो घशाखाली उतरेपर्यंत नातीवरची नजर हलवली नाही.

"उद्या पण?" आतून क्षीण आवाज आला.

"उद्या पण. तुझी शपथ."

काव्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर ओघळले. "संक्रांतीपासून, आज्जी. रोजच्या. मला वाटलं, पेशी दोन-चार दिवसांत येतील. मग सरळ पाठवीन. त्या आल्याच नाहीत. आणि मग सांगायची लई भीती वाटायला लागली."

अतीक औषध सांगायला धावत गेले.

७

बुरशीच होती. तपासणीतही तेच निघाले. जहाल औषधाने काव्याचे अंग सुजले, लघवी कमी झाली, आणि काही दिवस डॉक्टर एका प्रश्नाचेही सरळ उत्तर देईनात. मग एका सकाळी ताप उतरला आणि पुन्हा चढला नाही. मूत्रपिंडे हळूहळू सावरू लागली. पेशी मात्र अजून परतल्या नव्हत्या. त्या परतेपर्यंत ती काचेच्या आतच राहणार होती.

त्या सकाळी माहेनूरने यंत्र लावले, आणि काव्याकडे पाठ न करता पडदा तिच्याकडे वळवून ठेवला. काळसर रांगा धावत होत्या. पोकळी एकही दिसत नव्हती.

"आज्जी, आकडा काय आला?" काव्याने जाळीतून विचारले.

काशम्माने सासूकडे पाहिले. शिवूने मान खाली घातली. आजवर या घरात अशा वेळी काहीतरी बरे बोलायची पद्धत होती.

"काही नाही आला," चंद्रव्वा म्हणाल्या. "कालच्याइतकाच. नसल्यातच जमा."

काव्या त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. लहानपणी फूटपट्टीकडे पाही तशी. "तू घाबरलीस?"

कामगारांच्या संपात, नवऱ्याच्या मयतीत, थोरल्याच्या मयतीत हा प्रश्न चंद्रव्वांना कुणी विचारला नव्हता. कुणाची छातीच झाली नव्हती.

"लई," त्या म्हणाल्या. "लई घाबरलेय गं."

काव्याने खोल श्वास सोडला. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सैल पडले.

"मी पण," ती म्हणाली.